दोन पाळ्यांचं गणित

सोलापूर मागे टाकून पुण्याच्या रस्त्याला लागलं, की थोड्याच वेळात चिंचोळी एमआयडीसी येते. इथे प्रिसिजन कॅमशाफ्ट्समध्ये मोटारींच्या इंजिनात बसणारे कॅमशाफ्ट घडतात, बालाजी अमाइन्सच्या कारखान्यांत औषधांना लागणारी रसायनं तयार होतात. इथला दिवस ज्यावर चालतो तो शब्द म्हणजे पाळी. पहिली पाळी, दुसरी पाळी, रातपाळी.

मूल व्हावं म्हणून उपचार घेणाऱ्या कामगार बाईला या एका शब्दाचे दोन्ही अर्थ एकाच वेळी सांभाळावे लागतात. डॉक्टर सांगतात, "पाळीच्या दुसऱ्या दिवशी या." तो दिवस सोमवारी येईल की गुरुवारी, हे आधी ठरवता येत नाही. त्या आठवड्यात पहिली पाळी असली तर लॅब उघडायच्या आधीच तिला गेटमधून आत जावं लागतं. मग रजा, नाहीतर अर्ध्या दिवसाचा पगार. सुपरवायझरला कारण काय सांगायचं, हे तर याहून अवघड. पुन्हा चार दिवसांनी सोनोग्राफी, दोन दिवसांनी रक्त, संध्याकाळी रिपोर्टची वाट. औषधं सोसतात, सुयाही सोसतात. पण ही धावपळ न झेपल्यामुळे उपचार अर्ध्यावर सुटू शकतो.

म्हणून हॉर्मोनच्या तपासण्या नेमक्या कशासाठी असतात, त्यातल्या कोणत्या टाळता येतात आणि कोणत्या टाळू नयेत, हे प्रत्येक बाईला नीट कळायला हवं. ते समजायला अवघड नाही. कारखान्यात काम करणाऱ्याला तर ते लवकर समजेल.

मोजायचं कशासाठी?

रसायनाच्या कारखान्यात रिअॅक्टरमधून अधूनमधून सॅम्पल काढून लॅबला पाठवतात. लॅबचा आकडा आल्यावर ठरतं की तापमान वाढवायचं, थांबायचं की माल पुढे सोडायचा. जिथे निर्णय घ्यायचा असतो तिथेच सॅम्पल काढतात. यंत्रशाळेत तर अनेकदा आकडाही लागत नाही. गो-नो-गो गेज लावतात. गेज बसला तर भाग पुढे जातो, नाहीतर बाजूला पडतो.

वंध्यत्वाच्या उपचारातल्या तपासण्यांनाही हाच नियम लावावा. प्रत्येक आकड्यामागे एक निर्णय असला पाहिजे. आकडा कमी आला काय, जास्त आला काय, डॉक्टर पुढे तेच करणार असतील, तर ती सुई टोचायची गरज नव्हती.

पाच हॉर्मोन, पाच प्रश्न

मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून एफएसएच सुटतं. ते बीजकोशाला सांगतं, बीजं वाढवा. बीजकोशात बी कमी उरलं असेल तर ग्रंथीला जोर लावावा लागतो आणि पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी हा आकडा वाढलेला दिसतो. त्याच वेळी एस्ट्राडिओल तपासावं लागतं, कारण ते वाढलेलं असेल तर एफएसएच दबून राहतं आणि सगळं ठीक असल्याचा भास होतो.

बीजकोशातल्या अगदी बारीक फॉलिकलमधून, म्हणजे ज्यात बीज वाढतं त्या पिशव्यांमधून, एएमएच येतं. किती बीजं शिल्लक आहेत आणि इंजेक्शनला बीजकोश कसा प्रतिसाद देईल, याचा त्यावरून अंदाज येतो. याची मोठी सोय म्हणजे ते पाळीच्या कोणत्याही दिवशी तपासता येतं. रातपाळी संपवून घरी जाताना रक्त दिलं तरी चालतं. ते बीजांची संख्या सुचवतं, बीजाचा कस सांगत नाही. एएमएच कमी आलं म्हणजे मूल होणारच नाही, असं समजून खचू नये.

एस्ट्राडिओल वाढत्या फॉलिकलमधून येतं. नैसर्गिक चक्रात बीज पक्व होताना रक्तात ते साधारण 200 ते 300 पिकोग्रॅम प्रति मिलिलीटरपर्यंत चढतं. आयव्हीएफमध्ये, म्हणजे टेस्ट ट्यूब पद्धतीच्या उपचारात, एकाच वेळी अनेक फॉलिकल वाढतात, त्यामुळे आकडा काही हजारांत जाऊ शकतो.

एलएच हा बीज सुटण्याचा इशारा. रक्तात त्याची लाट उठली की साधारण 34 ते 36 तासांनी बीज बाहेर पडतं.

बीज सुटल्यावर मागे राहिलेल्या फॉलिकलमधून प्रोजेस्टेरॉन येतं आणि गर्भाशयाचं अस्तर गर्भासाठी तयार करतं. बीज सुटल्यानंतर आठवड्याभराने ते 3 नॅनोग्रॅमच्या वर असेल, तर बीज सुटलं हे नक्की. "एकविसाव्या दिवसाची तपासणी" म्हणतात ती हीच. पण ती 28 दिवसांच्या पाळीसाठी. जिची पाळी 35 दिवसांनी येते तिने ती अठ्ठाविसाव्या दिवसाच्या सुमारास करायला हवी. एकविसाव्या दिवशी केली तर आकडा कमी येतो आणि बीज सुटत असतानाही "बीज सुटत नाही" असा शिक्का बसतो.

सुरुवातीला थायरॉइडसाठी टीएसएच आणि गरज असल्यास प्रोलॅक्टिनही बघतात. प्रोलॅक्टिन झोपेत वाढतं, म्हणून त्यासाठीचं रक्त जागं झाल्यावर दोन-तीन तासांनी द्यावं. रातपाळीवाल्या बाईने घड्याळातली सकाळ न पाहता आपण झोपून कधी उठलो हे पाहावं आणि लॅबमध्ये तसं सांगावं.

हा आकडा येतो कुठून?

रक्तात हॉर्मोनचं प्रमाण इतकं सूक्ष्म असतं, की साध्या रासायनिक परीक्षेला ते सापडत नाही. अमेरिकेत रोझलिन यॅलो आणि सॉलोमन बर्सन यांनी यावर रेडिओइम्युनोअॅसे ही पद्धत शोधली. ज्या हॉर्मोनचा शोध घ्यायचा त्यालाच घट्ट धरणारी प्रतिपिंडं घ्यायची, किरणोत्सारी खूण लावलेलं तेच हॉर्मोन त्यात मिसळायचं आणि रक्तातल्या हॉर्मोनने त्यातलं किती बाजूला सारलं ते मोजायचं. 1977 मध्ये यॅलो यांना नोबेल मिळालं. बर्सन 1972 मध्ये वारले होते.

पण या पद्धतीला किरणोत्सारी आयोडीन लागत असे. त्याची ताकद सुमारे साठ दिवसांत निम्मी होते, त्यामुळे किट फार दिवस टिकत नसत. परवाने, खास प्रयोगशाळा, तयार माणसं हवीत. साहजिकच अशा तपासण्या मोठ्या शहरांतल्या मोजक्या संस्थांपुरत्या राहिल्या.

महाराष्ट्रात अशा मोजमापावर चालणाऱ्या वंध्यत्वाच्या उपचारांचा पाया मुंबईत परळला घातला गेला. केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा आणि परळच्याच प्रजनन संशोधन संस्थेचे डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या एकत्र कामातून 6 ऑगस्ट 1986 रोजी शास्त्रीय नोंदींसह सिद्ध झालेलं भारतातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्मलं. महापालिकेचं रुग्णालय आणि भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची प्रयोगशाळा, दोन्ही सार्वजनिक संस्था. उपचार एकीकडे आणि बारीक मोजमाप दुसरीकडे, अशी ती जोडी होती.

त्याआधी इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्स आणि पॅट्रिक स्टेप्टो यांनी जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ जन्माला घातलं, ते 25 जुलै 1978 रोजी. त्या आईला बीजवाढीची इंजेक्शनं दिली नव्हती. तिच्या नैसर्गिक चक्रातलं एकच बीज मिळवायचं होतं, म्हणून दर काही तासांनी तिच्या लघवीत एलएच पाहिलं जात होतं. लाट दिसली आणि तिच्यावरून बीज काढण्याची वेळ ठरली. घरी वापरायच्या पट्टीत आज जे घडतं, त्याचं मूळ तिथे आहे. रक्त न काढता, लघवीवरून, एका निर्णयापुरतं मोजमाप.

आज लॅबमध्ये किरणोत्सारी पदार्थाऐवजी प्रकाश देणारं रसायन वापरतात आणि यंत्र साधारण अर्ध्या तासात आकडा देतं. खरा वेळ जातो तो वेगळीकडे. बाई लॅबपर्यंत पोहोचते कधी, नमुना यंत्रापर्यंत जातो कधी आणि रिपोर्ट डॉक्टरांच्या नजरेला पडतो कधी, यात.

एका चक्राचा प्रवास

आयव्हीएफचं साधारण वेळापत्रक असं. पाळीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सोनोग्राफी, गरज असेल तर रक्त. त्या दिवसापासून बीजवाढीची इंजेक्शनं, साधारण आठ ते बारा दिवस. चार-पाच दिवसांनी पुन्हा सोनोग्राफी; त्यात फॉलिकलचा आकार मोजतात. पुढे एक-दोन दिवसांआड. बीज वेळेआधी सुटू नये म्हणून एलएच दाबणारं औषध. काही फॉलिकल 17-18 मिलिमीटरचे झाले, की बीज पक्व करणारं ट्रिगरचं इंजेक्शन. हे ठरलेल्या मिनिटालाच घ्यायचं असतं, कारण त्यानंतर 34 ते 36 तासांनी बीज काढतात. बहुतेकदा इंजेक्शनची वेळ रात्रीची असते. त्या दिवशी दुसरी पाळी असेल, तर इंजेक्शन कोण देणार, कुठे देणार, ते थंड कसं ठेवणार, हे आधी ठरवून ठेवावं. सगळ्या चक्रात घड्याळाकडे डोळ्यांत तेल घालून बघायची वेळ हीच.

शेवटी, बीज काढल्यावर साधारण दोन आठवड्यांनी गर्भधारणेची बीटा एचसीजी तपासणी.

आययूआय, म्हणजे वीर्य थेट गर्भाशयात सोडण्याचा उपचार, किंवा गोळ्या देऊन बीज वाढवण्याचा उपचार याहून बराच सोपा. तिथे एक-दोन सोनोग्राफींत आणि लघवीच्या पट्टीवर बहुतेक काम भागू शकतं.

कमी काय करता येतं?

आयव्हीएफमध्ये प्रत्येक भेटीला सोनोग्राफीबरोबर एस्ट्राडिओलही तपासायची पद्धत अनेक ठिकाणी आहे. याविषयीचे अभ्यास एकत्र तपासून कॉक्रेन या आंतरराष्ट्रीय संस्थेने आढावा घेतला. फक्त सोनोग्राफी केलेल्या आणि सोनोग्राफीबरोबर रक्तही तपासलेल्या स्त्रियांमध्ये गर्भधारणेच्या प्रमाणात ठळक फरक सापडला नाही. उपलब्ध पुरावा फार भक्कम नाही, हेही त्या आढाव्यात नमूद आहे. युरोपातल्या वंध्यत्वतज्ज्ञांच्या संघटनेनेही सरसकट प्रत्येक वेळी एस्ट्राडिओल करण्याची शिफारस केलेली नाही. म्हणजे नेहमीच्या, धोका नसलेल्या बाईच्या बाबतीत सोनोग्राफीवर भर देऊन रक्ताच्या तपासण्या कमी करायला वाव आहे. "माझ्या बाबतीत प्रत्येक वेळी रक्त लागेल का?" असं डॉक्टरांना विचारायला संकोच करू नये.

इथे आपल्याकडची एक अडचण लक्षात घ्यावी लागते. रक्त घ्यायला लॅबचा माणूस घरी येऊ शकतो, सोनोग्राफी घरी येऊ शकत नाही. गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या 1994 च्या कायद्यानुसार सोनोग्राफीचं यंत्र नोंदणी केलेल्या ठिकाणीच वापरावं लागतं. मुलींच्या गर्भहत्येचा आपला इतिहास पाहता हे बंधन योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा, की रक्ताच्या सुया कमी झाल्या तरी शहराची फेरी चुकत नाही. ती सोपी करायची तर केंद्रांनी सोनोग्राफीची वेळ बदलायला हवी. सकाळी पाळी सुरू होण्याआधी किंवा पहिली पाळी सुटल्यावर संध्याकाळी एक तास अशा बायकांसाठी राखून ठेवला, तर सोनोग्राफीपायी एकाही दिवसाचा पगार कापला जाणार नाही. रक्त लागणारच असेल तर त्याच भेटीत घ्यावं, रिपोर्ट फोनवर कळवावा, डोसही फोनवर सांगावा. त्यासाठी पुन्हा बोलावू नये.

सुरुवातीच्या तपासण्यांची मोठी यादीही एकदा तपासून पाहावी. अलीकडचा एएमएचचा रिपोर्ट हातात असेल तर तो दर महिन्याला करत बसायचं कारण नसतं. आणि नवऱ्याची वीर्यतपासणी पहिल्याच आठवड्यात व्हावी. पुष्कळ जोडप्यांत कारण पुरुषाकडेही असतं. ही साधी तपासणी मागे ठेवून बाईच्या सुया वाढवणं हा अन्याय आहे.

घरची पट्टी

औषधाच्या दुकानात मिळणारी ओव्ह्युलेशनची पट्टी म्हणजे यंत्रशाळेतला गो-नो-गो गेज. लघवीत एलएच ठरावीक पातळीच्या वर गेलं की दुसरी रेघ पहिलीइतकी किंवा तिच्याहून गडद होते. मग पुढच्या 24 ते 36 तासांत बीज सुटण्याची शक्यता. तपासणी रोज साधारण एकाच वेळी करावी आणि त्याआधी दोन तास भरपूर पाणी पिऊ नये, नाहीतर लघवी पातळ होऊन रेघ फिकी येते. भट्टीजवळ किंवा उन्हात काम असेल तर पाणी तोडू नये. तपासणीसाठीच रोजची कामाबाहेरची वेळ धरावी. पाळी बदलणाऱ्या आठवड्यात झोपेची वेळ बदलली तरी तपासणीची वेळ शक्यतो तीच ठेवावी.

तीन ठिकाणी पट्टी फसवते. पीसीओडी असलेल्या काही बायकांत एलएच मुळातच चढं असतं, त्यामुळे रेघ रोजच गडद दिसू शकते. ट्रिगरमध्ये बहुतेकदा एचसीजी असतं आणि त्याची रचना एलएचसारखीच, म्हणून इंजेक्शननंतर ही पट्टी खोटा होकार देते. तेच इंजेक्शन गर्भधारणेच्या पट्टीवरही दहा-बारा दिवस रेघ उमटवू शकतं. ती रेघ पाहून आनंद करावा आणि चार दिवसांनी ती पुसट व्हावी, यासारखं दुःख नाही. डॉक्टरांनी दिलेल्या तारखेपर्यंत पट्टी बाजूला ठेवलेली बरी.

पीसीओडीचा धागा थेट चिंचोळीपर्यंत येतो. या त्रासात अनेकदा शरीरात इन्सुलिन वाढलेलं असतं. वाढलेल्या इन्सुलिनमुळे बीजकोशात पुरुषी हॉर्मोन जास्त तयार होतात आणि फॉलिकल अर्ध्यावर अडकतात. अशा काही बायकांना मेटफॉर्मिन देतात. मेटफॉर्मिन बनवायला डायमिथाइल अमाइन हायड्रोक्लोराइड लागतं, आणि ते बनवणाऱ्या प्रमुख भारतीय कंपन्यांत बालाजी अमाइन्स आहे. तिचे कारखाने सोलापूरजवळच्या तामलवाडी आणि चिंचोळीत आहेत. ज्या औषधाच्या कच्च्या मालाशी या परिसराचं असं नातं आहे, त्यावर उपचार घेणाऱ्या बाईला निदान वेळेवर गेटपास तरी मिळायला हवा.

जिथे हात आखडता घेऊ नये

तपासण्या कमी करायच्या म्हणजे डोळे मिटायचे असं नव्हे. ज्या बाईचं एएमएच खूप जास्त आहे, पीसीओडी आहे, सोनोग्राफीत फॉलिकलची गर्दी दिसते, तिच्यात इंजेक्शनांना बीजकोश अतिरेकी प्रतिसाद देण्याची भीती असते. पोटात पाणी साठणं, दम लागणं, लघवी कमी होणं, क्वचित रक्तात गाठी, इथपर्यंत गोष्टी जाऊ शकतात. इथे एस्ट्राडिओलचा आकडा निर्णय बदलतो. ट्रिगर वेगळा द्यायचा का, गर्भ या महिन्यात न सोडता गोठवून ठेवायचे का, हे त्यावरून ठरवायला मदत होते. ट्रिगरच्या सुमारास प्रोजेस्टेरॉन आधीच चढलं असेल तर अस्तर पुढे निघून गेलेलं असतं. तेव्हाही गर्भ गोठवून पुढच्या चक्रात सोडणं बरं ठरू शकतं. आणि बीटा एचसीजीचं रक्त टाळू नये. आकडा अपेक्षेप्रमाणे वाढत नसेल आणि पोटात दुखत असेल, तर गर्भ नळीत अडकल्याची शक्यता तपासावीच लागते.

आकडा फसवतो अशाही काही जागा आहेत. केस-नखांसाठी घेतलेल्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असतं. ज्या यंत्रांच्या पद्धतीत बायोटिनचा वापर होतो, तिथे एस्ट्राडिओल आणि प्रोजेस्टेरॉन खोटं जास्त, तर एफएसएच, एलएच, टीएसएच खोटं कमी येऊ शकतं. गोळी चालू असेल तर लॅबला आधी सांगावं. किती दिवस थांबायचं ते लॅबवाले सांगतील. बीजवाढीसाठीच्या लेट्रोझोल या गोळीवर असलेल्या बाईचं एस्ट्राडिओल औषधामुळेच कमी राहतं. फॉलिकल उत्तम वाढत असतानाही आकडा लहान दिसतो. त्याने घाबरू नये. एका चक्रातल्या सगळ्या तपासण्या एकाच लॅबमध्ये कराव्यात, कारण यंत्र बदललं की आकडा बदलतो. रिपोर्टवरचं एककही वाचावं: एस्ट्राडिओलचा 100 पिकोग्रॅमचा आकडा दुसऱ्या एककात 367 पिकोमोल असतो. रक्तातलं प्रमाण तेच, लिहिण्याची रीत वेगळी.

एक साधी वही

चांगल्या कारखान्यात प्रत्येक बॅचची एक नोंदवही असते. कधी सॅम्पल काढलं, काय आकडा आला, त्यावर काय केलं. बाईनेही आपल्या चक्राची अशी वही ठेवावी. चार रकाने पुरेत: तारीख आणि पाळीचा दिवस, त्या आठवड्यातली कामाची पाळी, तपासणी आणि आकडा, त्यावरून काय ठरलं. डॉक्टर बदलले, गाव बदललं, तरी तीच तपासणी पुन्हा करायची वेळ कमी येते.

चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा. तो भरण्यासाठी दर वेळी डॉक्टरांना एकच प्रश्न विचारावा: "हा आकडा कमी आला तर काय कराल, आणि जास्त आला तर काय कराल?" दोन्हींना वेगळं उत्तर मिळालं, तर हात पुढे करावा, रक्त द्यावं. उत्तर एकच असेल, तर ही तपासणी टाळता येईल का हे मोकळेपणाने विचारावं. वहीत चौथा रकाना वारंवार रिकामा राहू लागला, की कोणत्या सुया आणि कोणत्या रजा वाचवता येतील हे तिला आणि तिच्या डॉक्टरांना आपोआप दिसू लागेल.